दुसऱ्यांदा पास

आमच्या कारखान्यात टेबलावर डायोड तपासायची रीत सोपी. व्होल्टेज हळूहळू चढवायचं. करंटही चढतो, आणि एका हद्दीनंतर उलटा घसरतो. खरी गंमत तिथून पुढे. आत एका टोकाशी तीव्र विद्युतक्षेत्राचा पट्टा तयार होतो, दुसऱ्या टोकाला जाऊन विरतो, की लगेच मागे नवा. सेकंदाला अब्जावधी वेळा. करंटच्या या हेलकाव्यांतून लहरी निघतात, आणि शीतगोदामाच्या आपोआप उतरणाऱ्या अवजड दाराला खाली माणूस उभा असल्याचं कळतं.

माझे धाकटे दीर अशाच गोदामात कामाला होते. त्या दारावर आमचाच माल, म्हणून मी घरात मिरवायचे.

गारठ्यात काही डायोड अडून बसतात. करंट नुसता वाहतो, हेलकावे सुरूच होत नाहीत. म्हणून थंड पेटीत ठेवून मग चालू करायचा नियम. पण पहिल्यांदा नाही जमलं तर आम्ही बंद करून पुन्हा चालू करायचो. तोवर तो स्वतःच्याच करंटने तापलेला असायचा, चालायचा बिचारा. आम्ही पास लिहायचो. वीस वर्षं सगळ्यांचंच असं, मग मी एकटीनेच कशाला हरकत घ्यावी?

एका दुपारी गोदामात वीज गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. गारठलेला डायोड सुरूच झाला नाही. भाऊजी खोकी ओढत दाराखाली होते. दार उतरलं. ते जागच्या जागी गेले.

चौकशीला आलेल्या इंजिनिअरने तोच डायोड आमच्या उबदार खोलीत, माझ्या टेबलावर लावला. छान चालला. तो लिहू लागला, कामगाराचा निष्काळजीपणा. मला माझीच शिसारी आली. सुपरवायझर मागून खुणावत होता, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हटलं, आधी थंड करा. तासाभराने पेटीतून काढून जोडला, तर करंटची रेघ सपाट. मग मी सगळं सांगून टाकलं, लिहून दिलं आणि खाली सही केली. नोकरी गेली, ती जाणारच होती.

भाऊजींवरचा डाग पुसला, हे सांगायला घरी आले. जाऊ भांडी विसळत होती. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई, हे दुसऱ्यांदा चालू करायचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"रोज ताट तर तुम्हीच वाढत होतात त्यांना. एकदा तरी सांगायचं."