भंगारातले चाळीस गोळे

तीन वर्षं आम्ही तलवारी, भाले आणि शिड्या घेऊन ‘सात बुरूज’ हा ऑनलाइन खेळ खेळलो, तोवर टोळीत थोडीफार अक्कल शिल्लक होती. मग खेळ बनवणाऱ्यांना सुचलं, की यात आता दारूगोळा हवा. तोफा, सुरुंग, चाकांवरचे मनोरे, धोंडे फेकणाऱ्या महागोफणी, सगळं एका दिवसात आलं. आणि त्याच दिवशी आमच्या पोंतियानाक शहरातल्या यच्चयावत पोरांच्या डोक्यात वारं शिरलं.

सगळ्यांत जास्त माझ्या आतेभावाच्या. बांग म्हणजे दादा. बांग तर्मिझी आमच्या ‘कापुआसच्या मगरी’ टोळीचा सरदार. सरदार का? तर वयानं मोठा, आणि आवाजानं त्याहून मोठा. शिवाय घराणं तोफांचं! ईदला आमच्या कापुआस नदीकाठी पोकळ ओंडक्यांच्या तोफा उडतात. आत पाणी आणि कार्बाइड, भोकांवर कागद, गॅस भरेपर्यंत दम धरायचा, मग बत्ती. बार असा, की पलीकडच्या काठावरच्या खिडक्या थरथरतात. त्या तोफा त्याचे आजोबा बांधायचे, आता वडील बांधतात. मान्य. पण तर्मिझीनं स्वतः आजवर काय केलंय? कागद चिकटवलाय.

रोज्यातल्या तिसऱ्या रविवारी सिंगकावांग शहराच्या टोळीचा किल्ला आम्ही वेढणार होतो. आदल्या दिवशी नेटकॅफेत त्यानं कामं वाटली. सहा पोरं तोफांवर. आणि मी?

“देक लेहा, तू जखमींना पाणी दे.” देक म्हणजे धाकटी बहीण.

“मी महागोफण चालवणार,” मी म्हटलं. “नवे नियम मी सगळे वाचलेत.”

“सगळे वाचलेत म्हणे! परीक्षा आहे का गं? महागोफण! बांबूला दोरी. कपडे वाळत घालायला बरी आहे.”

सहाही गोलंदाज खिदळले. यांना हसायला तर्मिझीनं तोंड उघडलं तरी पुरतं.

वर्षभरापूर्वीची लेहा गप्प बसली असती. आताची उभी राहिली. “मग पैज लाव. ज्याच्या यंत्रानं तट पडेल, तो सरदार. नाहीतर तुझं घराणं फक्त कागद चिकटवणाऱ्यांचं आहे, असं मी सगळीकडे सांगेन.”

“लागली!” तो म्हणाला. दहा जणांसमोर म्हणाला, हे महत्त्वाचं. माझ्या बाजूनं एकटा अकियात उठला. माझ्याच वर्गातला, गणितात पहिला आणि बोलण्यात शेवटचा.

नवं हत्यार हाती घेतलं, की खेळात आधी सरावाचा धडा येतो. मी आणि अकियातनं तो चारदा केला. तर्मिझीनं उघडल्या उघडल्या बंद केला. “आता माझ्या घराण्याला तोफ शिकवतात! उद्या माशाला पोहायला शिकवतील.” मग त्या सहा मेंढरांनीही बंद केला.

रविवारी असरचा, म्हणजे दुपारचा, नमाज आटपून आम्ही जमलो आणि रोजा सुटायच्या सव्वा तास आधी वेढा सुरू झाला. मुदत एक तासाची, रोजा सुटायच्या आत संपणारी. आम्ही दोघं टेकडीवर महागोफण जोडत होतो. खाली तर्मिझीचा थाट चालला होता. दारू भरली, तोंडं चिंध्यांनी बुजवली, आणि मग, देवा रे, तो थांबला.

“गॅस भरू दे! कुणी हलायचं नाही!”

दारूच्या तोफेत कसला आलाय गॅस? वरून बाणांचा पाऊस पडत होता आणि ही सहा ध्यानं मनात आकडे मोजत उभी! शेवटी बत्ती लागली. आवाज मात्र असा, की नेटकॅफेवाल्या काकूंच्या हातून झारा पडला. धुराचे ढगच्या ढग उठले. धूर विरला, तर तट जसाच्या तसा. ओरखडासुद्धा नाही.

समोरून सिंगकावांगवाल्यांचा संदेश आला: ‘ईद मुबारक! पण अजून बारा दिवस आहेत.’

“तट पक्का आहे,” तर्मिझी गुरगुरला. “दारू दुप्पट करा!”

दुसरा बार. तिसरा. उथळ पाण्याला खळखळाट फार, पण इथं तर पाणीही नव्हतं.

आमच्या धोंड्यांनी तोवर उजव्या बुरुजाला उभी भेग पाडली होती. पण गोफणीसोबत मिळतात फक्त वीस धोंडे. ते संपले तेव्हा दहा मिनिटं उरली होती. मी फेकायला काहीतरी शोधत टेकडी उतरले. तोफांच्या मागे एक गाडा उभा होता. त्यात लोखंडी गोळे. मोजले. चाळीसच्या चाळीस.

क्षणभर मला कळलंच नाही. मग कळलं, आणि हसू दाबायला मी ओढणीच तोंडात कोंबली. आमच्या नदीवरच्या तोफांत कधीच कुणी गोळा घातला नाही. त्या वाजायच्या तोफा. आणि या तोफांच्या खानदानी वारसाच्या डोक्यात आलंच नाही, की तोफेतून काही बाहेरही पडायचं असतं.

सांगावं का? तीन सेकंद विचार केला. माणसानं आधी विचारावं.

“बांग, हे गोळे तुला लागणारेत?”

“कसले गोळे? ते भंगार ने इथून! मला बत्ती दिसत नाहीये!”

“नक्की ना?”

“ने म्हटलं ना, लेहा!”

नेले. अकियातनं पल्ला पुन्हा मोजून दिला. पहिला गोळा भेगेच्या वर बसला, दुसरा थेट भेगेत. सतराव्याला बुरूज कलला आणि शेजारचा तट घेऊन खंदकात गेला. आमचे भालेवाले आत घुसले तेव्हा घड्याळात दीड मिनिट होतं.

“माझ्या बारांनीच तट खिळखिळा झाला होता,” तर्मिझी म्हणाला.

“खेळ काय म्हणतो ते वाच,” अकियात बोलला. महिन्यातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य असावं.

पडद्यावर लिहिलं होतं: तट पाडला, लेहाच्या महागोफणीनं. तोफांचे वार, शून्य.

संध्याकाळची अजान झाली. खजूर फिरले. तर्मिझीनं एक तोंडात टाकला, म्हणजे बोलायला नको. पण पैज दहा जणांसमोर लागली होती, आणि दहाही जण माझ्याकडे बघत होते. मी त्याच्या खुर्चीत बसले. चांगली फिरते.

“पहिला हुकूम,” मी म्हटलं. “बांग तर्मिझी, सरावाचा धडा. आत्ता. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाच.”

“पायरी पहिली, दारू भरा,” तो पुटपुटला. “पायरी दुसरी, चिंधी ठासा. पायरी तिसरी...”

तो थांबला. कान लालबुंद.

“मोठ्यानं,” मी म्हटलं.