हिरवं पाकीट

माझा मुलगा झेयुआन घरी आला की चपला काढायच्या आधी दुसऱ्याची चूक काढतो. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात साहेब आहे, रात्रपाळी करून येतो, उभ्या उभ्या पेंगतो, ते मला दिसत नाही असं नाही. पण दमलेली बाकीची माणसं उपदेश करत नाहीत.

या रविवारी त्याच्या तावडीत सापडली त्याचीच पोर, रूयिन. दुपारी तिची ताइपेइच्या नाट्यशाळेची मुलाखत होती, घरूनच, लॅपटॉपवर. तिला रंगमंचावरच्या दिव्यांचं काम शिकायचंय. जागा मोजक्या, आणि मुलाखत वर्षातून एकदाच. नेमका तो लॅपटॉप मध्येच बंद पडायचा आणि आपला आपण पुन्हा सुरू व्हायचा.

झेयुआनने सकाळीच तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणला. नवीन घातलेले प्रोग्रॅम काढले, काढलेले परत घातले. चार्जर बदलला. मागचं झाकण उघडून मेमरीच्या पट्ट्या पुसून बसवल्या. टेबलावर यंत्र बिनतक्रार चालायचं. रूयिनच्या खोलीत नेऊन कॅमेरा लावला की थोड्या वेळात डोळे मिटायचं. पुन्हा टेबलावर आणा, पुन्हा ठणठणीत. माझी रताळ्याची पेज दोनदा गार झाली. शेवटी त्याने निदान केलं की दोष पोरीत आहे, ती नको ते काहीतरी दाबते. रूयिन म्हणाली, मी हातसुद्धा लावला नव्हता, हे फक्त माझ्या खोलीतच होतं. हा म्हणाला, आधी आवाज खाली.

मग त्याला पाकीट आठवलं. त्यांच्या कारखान्यात यंत्रायंत्रावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलेलं असतं, यंत्र बिघडू नये म्हणून. पाकिटावरच्या नावाचा अर्थच 'शहाण्यासारखं वाग'. हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं, आणि तारीख उलटलेलं चालत नाही. रूयिनच्या लॅपटॉपच्या पाठीशीही त्यानेच एक टेकवून ठेवलं होतं. ते उलटंपालटं करून तारीख वाचली आणि त्याचा चेहरा असा खुलला, जणू रोग हाती लागला. तारीख कधीच उलटली होती.

बापलेकीत बोलणं बंद, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गुडघे धरत मीच गेले. नवं पाकीट टम्म फुगलेलं होतं. त्याने ते दोन्ही हातांनी जुन्याच्या जागी बसवलं. हात मीही जोडले, खोटं कशाला बोलू.

मुलाखत सुरू झाली. रूयिनने नाव सांगितलं, परीक्षक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, आणि पडदा काळा. आधी व्हायचा त्याहूनही लवकर. पोरीने परत जोडणी केली, बाई थांबल्या होत्या. दुसरं उत्तर अर्ध्यावर आलं आणि पुन्हा काळा.

दारातून झेयुआन म्हणाला, "सोड आता. नशिबात नव्हतं म्हण. आमच्या कारखान्यात चिकटवून देतो तुला."

पोरीने पाकीट उचललं आणि बापाच्या अंगावर भिरकावलं. त्याने झेललं आणि तसंच टाकून दिलं.

"हे तापलंय," तो म्हणाला.

मी हात लावून पाहिला. वाफेवरून काढलेल्या मांटोच्या पावाइतकं गरम. लॅपटॉपची ऊन हवा जिथून बाहेर पडते, त्या फटीलाच ते चिकटून बसलं होतं. कॅमेरा लागला की यंत्र तापायचं, हवा अडायची, आणि जळण्यापेक्षा ते स्वतःच बंद व्हायचं. टेबलावर नेताना पाकीट खोलीतच राहायचं, म्हणून तिथे लॅपटॉपला काही व्हायचं नाही. आणि नवं तर जुन्यापेक्षा गुबगुबीत.

रूयिनने पुन्हा जोडणी केली, माफी मागितली. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे आधी दिव्यांचंच बघायला हवं वाटतं. पोर हसली आणि बोलायला लागली. कुठला दिवा कुठून पाडला की माणूस म्हातारा दिसतो, कुठून पाडला की एकटा. मला त्यातलं थोडंच कळलं. लॅपटॉप शेवटपर्यंत चालला. जागा मिळते का ते पुढे कळेल.

आम्ही मायलेक भिंतीला टेकून ऐकत होतो. ती थांबल्यावर झेयुआन पुटपुटला, की खोलीतच असं होतं हे तिने नीट सांगायला हवं होतं.

मी म्हटलं, "सांगत होती. तू आवाज खाली म्हणालास. तुला घरात सगळं गप्प लागतं, यंत्रही आणि पोरही, आणि गप्प बसलं की तुला वाटतं बरं चाललंय. ऐक झेयुआन. जागा मिळाली तर ती ताइपेइला जाईल. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी परत मुलाखत देईल. तुझ्या कारखान्याचं नाव तिच्यासमोर या घरात पुन्हा काढायचं नाही."