लाभ, दोन, तीन

नुजहतला सुट्टी होती; शिरोलीच्या भट्टीला नव्हती. तिची अम्मी जरीना तांदूळ मोजत होती.

"बरकत," तिनं पहिलं माप डब्यात ओतलं. "दो. तीन."

नुजहतचा चहाचा कप तोंडाशीच थांबला. "अम्मी, बरकत म्हणजे शून्य का?"

"तोबा! काठोकाठ भरलेल्या मापाला शून्य म्हणतीस? बरकत म्हणजे एक. मराठी लोक लाभ म्हणत्यात, तेच की!"

नुजहतनं कप खाली ठेवला.

हंबीररावांच्या फाउंड्रीत लोखंड वितळवणाऱ्या भट्टीभोवती पाण्याच्या आठ नळ्या होत्या. एखादीचं पाणी साठ अंशांवर गेलं की वीज तुटली पाहिजे. नाही तुटली तर नळी फुटणार, पाणी लोखंडाच्या उकळत्या रसात पडून स्फोट होणार, आणि पुढं उभा असलेला माणूस घरी जाणार नाही. ती वीज तोडणारा प्रोग्राम नुजहतनं सी भाषेत लिहिला होता. नळ्या तिला भट्टीवाल्या बाळासोनं फोनवर मोजून दिल्या होत्या, "लाभ, दोन, तीन..." अशा आठपर्यंत. तिला वाटलं, लाभ म्हणजे शून्य. सी पण शून्यापासूनच मोजते. कसं झकास जुळलं!

सीतला अ‍ॅरे म्हणजे गोठ्यातली दावण. आठ नळ्यांच्या तापमानाला आठ खुंट ओळीनं, मध्ये बोटभर जागा नाही. पहिल्याचा नंबर शून्य, कारण दावणीच्या तोंडापासून तो शून्य पावलं लांब. शेवटच्याचा सात. आठ नंबरचा खुंट नसतोच. तरी तिथं जनावर बांधायला निघालात तर सी अडवत नाही. मुकाट बांधू देते, शेजाऱ्याच्या दारात.

नुजहतनं लाभ शून्यावर बांधली, दोन दोनवर, तीन तीनवर. एक नंबरचा खुंट रिकामा राहिला आणि आठवी नळी पडली दावणीबाहेर. तिथं लागूनच ठेवला होता तो साठचा आकडा. आठवीनं तो तुडवला. म्हणजे आता आठवी जेवढी तापेल, तेवढीच मर्यादा. आणि आठवीचं पाणी कायम बाकीच्यांपेक्षा गरम. ते उकळलं तरी यंत्र म्हणणार, ठीक आहे.

चाचणी काय घेतली होती? हिरवा दिवा लागला, नारळ फोडला, पेढे खाल्ले. मरायला बाळासो होताच.

बाळासोचा फोन नुसताच वाजत राहिला. मग तिनं हंबीररावांना लावला; त्यांनी उचलला.

"साहेब, भट्टी बंद करा!"

"अगं, रस भरलाय. गोठंल की सगळा! आणि हिरवा दिवा हाय."

"दिवाच खोटा हाय!"

"मग तूच केलायस न्हवं?"

"व्हय, मीच केलाय! म्हणून तर सांगते!"

"उद्या बघू." फोन कट.

उद्या! एसीत बसलेल्या माणसाला उद्या असतोच. तिनं स्कूटी काढली. पंचगंगेच्या पुलावर ट्रकांची रांग हलेना. पलीकडं धूर दिसत होता. नुसता धूर आहे, ती स्वतःला सांगायची. रोजचाच आहे.

ती पळतच आत शिरली. बाळासो भट्टीच्या कठड्यावर उभा होता.

"काका, खाली उतरा!"

"आली का पावणी! च्या घेणार?"

तिनं लाल बटणावर तळहात आपटला. घरघर थांबली. बाळासो उतरला, आठव्या नळीजवळ हात नेला आणि चटका बसल्यागत मागं घेतला.

"आयला. गाभण म्हशीगत फुगलीया."

हंबीरराव ओरडत आले. नळी बघून दोन पावलं मागं सरले.

रस ओतून काढला, नळी बदलली. नुजहत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली.

"लाभ शून्यावर, काका. दोन एकावर."

"दोन एकावर? ही सी बाजारात आली तर मार खाईल!"

ती हसली नाही. आठवी सातावर आली. साठ साठच राहिले. तिनं परत बघितलं. साठच. बाळासो कठड्याकडं निघाला.

"थांबा! हिरव्या दिव्यावर नका जाऊ. तुमची च्याची किटली आणा. उकळती."

आठव्या नळीतला सेन्सर काढून तिनं किटलीत बुडवला आणि वीज चालू केली. पडद्यावरचा आकडा चढू लागला. पन्नास. अठ्ठावन्न. साठ. ओढणीचं टोक तिच्या मुठीत भिजलं होतं.

खट्. वीज तुटली.

"झालं की!" हंबीरराव म्हणाले.

"न्हाय झालं, अजून सात हायत," नुजहत म्हणाली. "काका, आता लाभ काढा."