मी लक्ष्मी नाही, सेल्यूकसचं नाणं

घरात मला लक्ष्मी म्हणतात, म्हणून तेच नाव आधी सांगतो. बडोद्याला, तरसालीत, सुहासिनीबाईंच्या देव्हाऱ्यात तांदळाच्या वाटीत माझी जागा. पण खरं सांगायचं तर मी लक्ष्मी नाही. मी एक नाणं आहे, चांदीचं, एका अंगाने जरासं चपटं. ही गोष्ट मी आजवर कुणाला कळू दिली नाही. का, तर भीती. ज्याच्यापुढे लोक हात जोडतात त्याला सहसा कोणी भट्टीत टाकत नाही, एवढं शहाणपण मला फार पूर्वीच आलं होतं.

माझा जन्म पार तिकडचा. आज ज्याला इराक म्हणतात, तिथे टायग्रिस नदीच्या काठी सेल्यूकिया म्हणून शहर होतं. चांदीचा तापवलेला तुकडा दोन ठशांच्या मधे धरला आणि वरून हातोडा घातला, झालं माझं बारसं. अजूनही शेजारच्या फ्लॅटमध्ये कोणी खिळा ठोकायला लागलं की मला वाटतं, पुन्हा आपलीच पाळी.

माझा राजा सेल्यूकस. सिकंदराच्या फौजेतला सरदार. सिकंदर मेला आणि त्याच्या सरदारांनी राज्याची वाटणी करायला घेतली. वाटण्या कशा होतात हे मी नव्याने काय सांगू? वर्षानुवर्षं मारामाऱ्या चालल्या. शेवटी सेल्यूकसच्या वाट्याला पूर्वेकडचा मोठा मुलूख आला, सिरियापासून थेट हिंदुस्थानच्या वेशीपर्यंत.

मग त्याला शहरं वसवायचं वेड लागलं. एकाला स्वतःचं नाव, तेच माझं माहेर. एकाला बापाचं, अंतिओक. एक आईच्या नावाचं, लाओडिकिया, आणि एक बायकोच्या नावाचं, अपामिया. आपल्याकडे माणूस फार तर बंगल्यावर 'मातृछाया' लिहितो, याने अख्खी गावं लिहून दिली! सासूचं गाव मोठं की सुनेचं, यावरून त्या घरात काय काय झालं असेल, हे मला अजूनही जाणून घ्यावंसं वाटतं. पण सांगणारं कोणी उरलं नाही.

चंद्रगुप्त मौर्याशी याचं युद्ध झालं, मग तह झाला, आणि तहात याला पाचशे हत्ती मिळाले. हत्तींवर स्वारी इतकी खूश, की माझ्या एका बाजूला हत्तींचाच रथ कोरला. रथात अथीना उभी, त्यांची युद्धाची देवी, हातात ढाल आणि भाला. दुसऱ्या बाजूला त्यांचा मोठा देव झ्यूस, दाढीवाला. एवढा हत्तीवाला राजा, पण म्हातारपणी ज्याला आसरा दिला त्यानेच त्याचा खून केला. तेव्हापासून परक्या हातांइतकीच मला ओळखीच्या हातांचीही धास्ती वाटते.

व्यापाऱ्यांच्या कमरेला बांधलेला मी भरूच बंदरात उतरलो. पुढे कोणीतरी मडक्यात घालून पुरलं आणि परत न्यायला आलंच नाही. किती शतकं अंधारात गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. शेवटी विहीर खणताना कुदळ लागली आणि मी वर आलो. हातोहात फिरत बडोद्याच्या दरबारी नोकरीतल्या एका मराठी माणसाकडे पोहोचलो. त्याच्या बायकोने मला पदराने पुसलं आणि म्हणाली, "अहो, गजलक्ष्मी! हत्ती बघा!"

झालं. भाल्याचं कमळाचं देठ झालं, ढालीचा कलश झाला. दाढीवाल्याचं काय करायचं, हा प्रश्न आला. विष्णूला दाढी कशी? "असतील बाई कोणी ऋषी," असं म्हणून तिने ती बाजू तांदळात पालथी ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. ती गेली, सुना आल्या, बिऱ्हाड दांडिया बाजारातून तरसालीच्या फ्लॅटमध्ये आलं, पण दाढीवाला आजही तांदळातच आहे. म्हणून तो धडधाकट राहिला. अथीनाचं मात्र वाईट झालं.

कारण सुहासिनीबाईंची भक्ती. लग्न होऊन आल्यापासून दर शुक्रवारी चिंच आणि रांगोळी घेऊन त्या मला घासतात. अंगठ्याने, जोर लावून, आणि घासता घासता मनातलं सांगतात. घरातली आजारपणं, मुलाची, म्हणजे कुणालची, दहावी, शेजारच्या घरी आलेले पाहुणे, सगळं मला माहीत. मलाही ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण दर शुक्रवारी माझा एकेक हत्ती पुसट होत गेला. मला ओरडता येत नाही.

मधे एकदा टीव्हीवर भूकंपाची बातमी लागली. तुर्कस्तानात अंताक्या नावाचं गाव जमीनदोस्त झालं म्हणाले. मी वाटीतून ऐकलं आणि गार पडलो. ते आमचं अंतिओक, राजाच्या बापाच्या नावाचं. माझं माहेर तर केव्हाच मातीचा ढिगारा झालंय. मनात आलं, अख्खी शहरं जातात, तिथे आपली काय कथा!

आणि या धनत्रयोदशीला ते घडलंच. नातीची पहिली दिवाळी, दीप्ती, म्हणजे सून, बाळाला घेऊन नुकतीच माहेरहून आलेली. सुहासिनीबाई मला दुधाने न्हाऊ घालत होत्या. समोरच्या निरुपमाबेन फराळाचं ताट घेऊन आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हाय हाय सुहासिनीबेन, आ माताजीनुं मोढुं क्यां गयुं?"

खरंच, देवीला तोंडच राहिलं नव्हतं.

सुहासिनीबाईंचा हात थांबला. चेहरा गेलेली मूर्ती पुजू नये, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. रात्री जेवताना त्यांनी विषय काढलाच. "नदीत सोडण्यापेक्षा आटवू या. घरातली मोडकी चांदी आहेच, तिच्यात घालून छकुलीला वाळे करू. घरची लक्ष्मी घरात राहील."

"आई, अहो लक्ष्मी पायात?" दीप्ती म्हणाली.

"अगं बाई! खरंच की." सुहासिनीबाईंनी जीभ चावली. माझ्या जिवात जीव आला. पण तेवढ्यात कुणालने मोबाईल काढला. मला उजेडात धरलं, फोटो घेतला, आणि दाढीवाल्याचाही घेतला.

"आई, ही लक्ष्मी नाहीच! सेल्यूकस म्हणून ग्रीक राजा होता, त्याच्या नाण्यासारखं आहे हे. आणि बहुतेक नक्कल असेल, असं दाखवतंय."

या घरात इतक्या पिढ्या लपवलेलं नाव, ते असं चिवड्याच्या बशीशेजारी उघडं पडलं. वर नक्कल म्हणे! मला राग यायला हवा होता. पण राग यायला जागाच नव्हती, सगळी भीतीने भरली होती.

"मग तर बरंच झालं," दीप्ती म्हणाली. "देवी नाही, तर वाळे करायला काय हरकत?"

सुहासिनीबाईंनी मला उचलून परत वाटीत ठेवलं. त्या शुक्रवारी मला कोणी घासलं नाही. पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं.

आज सकाळी कुणाल आईला मांडवीत चोक्सी सराफांच्या दुकानात घेऊन आला. तुटकी पैंजणं, चेपलेली अत्तरदाणी आणि मी, सगळे एका पिशवीत. चोक्सींनी पैंजणं मुशीत टाकली आणि खालून ज्योत सोडली. मी काउंटरवरून पाहत होतो. आधी घुंगरं बसली, मग कड्या वाकल्या, आणि बघता बघता ती पैंजणं होती हे सांगूनही कळलं नसतं. मग त्यांनी मला उचललं, उलटंसुलटं केलं.

"बेन, आ भगवाननी वस्तु छे? होय तो हुं हाथ नथी लगाडतो. तमे तमारा हाथे नाखो."

देवाची वस्तू ते स्वतः आटवत नाहीत, ज्याची त्याने आपल्या हाताने मुशीत टाकायची.

"नाही काका, साधं नाणं आहे. टाका तुम्ही," कुणाल म्हणाला.

"थांब," सुहासिनीबाई म्हणाल्या. मला हातात घेतलं. मुशीची धग माझ्यापर्यंत येत होती. त्यांचा अंगठा सवयीने माझ्यावर फिरायला लागला.

"आई, मोबाईलने सांगितलंय ना?"

"तुझ्या वेळी मी नऊ महिने हिच्याशी बोलत होते. तेव्हा कुठे होता तुझा मोबाईल?"

"मग आता काय करायचं? पुजायचं नाही, आटवायचं नाही!"

"तेच कळत नाहीये मला. ओरडू नकोस, लोक बघतायत." त्या चोक्सींकडे वळल्या. "भाई, हे राहू दे. बाकीच्याचे होतील तेवढे वाळे करा. बारीक झाले तरी चालतील."

आत्ता मी त्यांच्या पर्समध्ये आहे, किल्ल्या आणि खडीसाखरेच्या पुडीच्या मधे. रिक्षा तरसालीकडे चाललीय. जगलो, असं म्हणणार होतो. पण आत्ताच त्या कुणालला म्हणाल्या, "घरी गेल्यावर एकदा चांगलं जोर लावून घासते. निदान कोण आहे ते तरी नीट दिसेल."

रथाचं एक चाक आणि एका हत्तीची सोंड, एवढंच माझ्या घासलेल्या बाजूवर शिल्लक आहे. तुमच्यापैकी कोणी तरसालीत राहत असेल, सुहासिनीबाईंना ओळखत असेल, तर जरा लगबगीने जा आणि सांगा. देवी म्हणा, राजा म्हणा, नक्कल म्हणा, माझं काही म्हणणं नाही. मला हवं तेवढं बघा. फक्त घासू नका हो.