जावयांचा वास

"शिखर गेलं कुठं?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

यंत्राच्या पडद्यावर नुसती सपाट रेघ. गेली चार वर्षं तिथं एक उंच शिखर उमटायचं, नर मुंग्यांच्या डोक्यातल्या द्रव्याचं. कामकरी मुंग्यांत ते कधीच दिसलं नव्हतं. उडायची वेळ झाली की नर याच वासानं राणीमुंग्यांना वारुळाबाहेर बोलावत असावेत, असा मॅडमचा कयास. पुढच्या महिन्यात तो परिषदेत मांडायचा होता.

नरांची डोकी काढायचं काम मदतनीस ताईंचं. त्या नरांना जावई म्हणत. आयतं खायचं, एकदा मिरवायचं, की खेळ खलास. डोकं मोहरीहून लहान, हातमोज्यांत चिमटा घसरायचा, म्हणून ताई उघड्या बोटांनीच काम करत. कामकरी मुंग्यांची डोकी मॅडम स्वतः काढायच्या, हातमोजे घालून.

"यंत्र ठीक आहे, वारूळ तेच आहे. तुमच्या रजेनंतर काय बदललं, ताई?"

"काही नाही हो. मी तीच, चिमटा तोच. घरात तेवढ्या सासूबाई..."

बोलता बोलता ताईंनी स्वतःची बोटं नाकाशी नेली. रोज सकाळी कामाला निघताना त्या सासूबाईंच्या गुडघ्यांना मलम चोळत. हात धूत, पण तो वास कसला जातोय! सासूबाई गेल्या आणि मलम थांबलं. आता बोलावं तर मॅडमच्या चार वर्षांवर पाणी, गप्प बसावं तर भर परिषदेत त्यांची शोभा.

"मॅडम, तो वास जावयांचा नव्हता. माझ्या हाताचा होता."

सगळं ऐकून मॅडम पडद्याकडे वळल्या.

"मुंग्यांच्या दुसऱ्या एका जातीच्या नरांत हेच द्रव्य सापडलंय, ताई. म्हणून तर मला शंका आली नाही." मग हलकेच म्हणाल्या, "मलमाची डबी आहे अजून?"

नवरा फेक म्हणाला होता, ताईंच्यानं फेकवली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती आणली. मॅडमनी कणभर मलम यंत्रात घातलं आणि दोघी शेजारी बसून राहिल्या. रेघ सरकत सरकत आली आणि नेमक्या त्याच जागी ताडकन वर चढली.

"चार वर्षं," मॅडम म्हणाल्या. "चार वर्षं मी तुमच्या सासूबाईंचे गुडघे मोजत होते."

ताईंना हसू आलं, आणि हसता हसता रडू कोसळलं. सासूबाई गेल्या त्या दिवशी आल्यागेल्यांचं बघण्यात रडायचं राहूनच गेलं होतं.

मॅडमचा हात बटणाकडे गेला. "पुसते हे."

"जरा राहू द्या," ताई म्हणाल्या.

मॅडमनी हात मागे घेतला.