धुक्यात मी का फुसफुसते

ऐका बरं, मी विजेची मोठी तार बोलतेय. अकोल्याकडून निघते, बडनेऱ्यावरून अमरावतीकडं जाते. मधे शेवंतीचं एक वावर लागतं, त्याच्या डोक्यावरच माझा झोका.

जन्म कारखान्यातला. पोटात पोलाद, वरून अॅल्युमिनियमच्या तारा वेणीवाणी पिळलेल्या. टॉवरवर चढवताना माणसांनी मला मुरमावरून फरफटत ओढलं. अंगभर ओरखडे उठले. एवढ्याशानं काय होतं, असं मलाही वाटलं.

पण धुकं पडलं की ओरखड्यांवर थेंब लोंबतात आणि तिथून माझी वीज हवेत सुटते. अंधारात जांभळट उजेड, आणि आवाज, स्स्स! अकोल्याकडून भरून निघते ती पोचेपर्यंत थोडी उणी होते. कोणी प्यालं नाही, कोणी चोरलं नाही. मग गेली कुठं?

वावरवाल्या पार्बताबाईंना मात्र त्या आवाजाचं कोडं पडलं नव्हतं. मार्गशीर्षातल्या बुधवारची पहाट. उद्या घरोघरी लक्ष्मीची पूजा, म्हणजे शेवंती आजच बाजारात पोचायला हवी. सून वर्षाली टोपली घेऊन वाफ्यात शिरली, तर सासूनं मागून पदरच धरला.

"थांब वो! नागोबा फुसफुसून राहिला."

"आत्याबाई, आज नाही तोडली तं परवा कोन घेईन ही फुलं?"

"सुकू दे. नाग बसला त्या जागी, तो उठेपर्यंत हात लावत नसतात. माह्या सासूनं सांगतलं हाय."

बाईंनी बांधावर दुधाची वाटी ठेवली. मी खाली पाहिलं. सारं पांढरं. मलाही वाटलं, असेल बाई एखादा!

इतक्यात लाईन तपासत वीज कंपनीचा योगेश आला. "काकू, साप नाही. वरच्या ताराचा आवाज हाय."

"ताराले तोंड हाय काय?"

"धुक्यात वीज गळते तिची. ऊन पडलं का गप्प होते."

"गळते? तरीच आमची मोटर हळू चालते!"

"तुमची लाईन अलग हाय, काकू."

ऊन चढलं, थेंब वाळले, मी गप्प झाले. योगेशनं हसून वर बोट दाखवलं. पार्बताबाई कुठल्या हरतात! "नागबी उन्हात बिळात जाते, बापू."

वर्षालीनं टोपली उचलली. "म्हणजे उठला ना तो? मंग वाफा मोकळा झाला, आत्याबाई."

सासूनं बांधावरची दुसरी टोपली उचलली. मग म्हणाली, "लयच शहाणी हायेस. चाल, हात उचल, दुपारच्या बाजाराले तरी पोचू."

टोपल्या भरल्या. निघताना बाईंनी एक फूल टॉवरच्या पायाशी ठेवलं आणि वर पाहिलं. "नाग हायेस का तार, मले समजत नाही. पन पहाटचं गप राह्यत जाय, माय."

काय सांगू, पार्बताबाई? ओरखडे माझे, थेंब आभाळाचे, आवाज कोणाचा ते मलाच ठाऊक नाही. धुकं उद्याही पडेल, मी उद्याही फुसफुसेन. तुम्ही फक्त ऊन येईपर्यंत थांबा. आणि मी सांडलेलं तुमच्या शेवंतीवर पडतं का, तेवढं पाहून ठेवा.