ओळीनं बाहेर

दोनदा टाळी वाजवून शशिकलाबाई दारापाशी आल्या, तशी तिसरीची मुलं वह्या उघड्याच ठेवून उठली. मागच्या बाकाजवळ समृद्धी खुर्ची उचलून उचलून आपटत होती. मुलं ओळीनं व्हरांड्यात गेली, तिथून शेजारच्या वर्गात. कुणी धावलं नाही. बाईंनीच त्यांना हे शिकवलं होतं: आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं, समृद्धीजवळ बाई थांबतील. ती शांत व्हायला कधी दहा मिनिटं लागत, कधी तास. शांत झाली की बाईंचा पदर धरून विचारायची, कुणाला लागलं का?

त्या दिवशी लागलं होतं. समृद्धीनं भिरकावलेली कंपासपेटी ओळीत शेवटी असलेल्या इराच्या भुवईवर बसली. तीन टाके पडले.

समृद्धीचे वडील दीड वर्षापूर्वी बंदरावरच्या अपघातात गेले. तिची आई मालू खाडीकाठचं गाव सोडून तिला घेऊन पनवेलला आली आणि बाजारात मासळी विकू लागली. समृद्धीचं हे सगळं त्यानंतर सुरू झालं.

इराचे वडील अविनाश शाळेत आले, पण त्यांनी आवाज चढवला नाही. त्या मुलीचं वाईट वाटतं, म्हणाले, पण इरा रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणते. समृद्धीनं उपचार घ्यावेत आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत यावं, असं ठरलं. मालूनं एवढंच विचारलं,

"नाव तर काढणार नाय ना, बाई?"

दर शनिवारी बाई अभ्यास घेऊन त्यांच्या खोलीवर जात. समृद्धी गणितं भराभर सोडवायची आणि मग वर्गातल्या एकेकाची चौकशी करायची. इराची सगळ्यात शेवटी, खाली बघत.

अडीच महिन्यांनी, एका सोमवारी, मालू तिला घेऊन आली. चापूनचोपून वेणी, नव्या रिबिनी.

"आता बरी हाय, बाई. डॉक्टरांनीच पाठवा सांगितलं."

बाईंनी समृद्धीला हाताला धरून आत आणलं. इरानं पेन्सिल खाली ठेवली आणि उठून उभी राहिली. मग तिचा बाक उठला, मग मागचा. टाळी कुणी वाजवली नव्हती. मुलं ओळीनं, एकमेकांना न ढकलता, व्हरांड्यात जाऊ लागली.

"बसा," बाई म्हणाल्या. "अरे, बसा खाली."

तोवर वर्ग रिकामा झाला होता.

समृद्धी फळ्यासमोर उभी होती. दप्तर अजून पाठीवरच होतं.

"बाई, मी कायपण केलं नाय."

"मला माहीत आहे, बाळा."

तिनं रिकाम्या बाकांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली,

"मी बाहेर थांबते. मग ती आत येतील."

बाई दारातच उभ्या होत्या. मागे व्हरांड्यात बत्तीस मुलं ओळीत उभी होती. बाईंना समृद्धीला 'थांब' म्हणायचं होतं. इराचा हात भुवईवर गेलेला त्यांना दिसला.

त्या बाजूला झाल्या.

समृद्धी बाहेर पडली. कुणाला धक्का लागू नये म्हणून दप्तर पोटाशी धरून, अंग चोरून, भिंतीच्या कडेकडेनं ती ओळीजवळून व्हरांड्याच्या टोकाला थांबलेल्या आईकडे गेली.